नुरा कुस्तीचा खरा पेच : मंदीच्या काळातलं न्यूयॉर्क

2 मार्च 1936, सोमवारची रात्र. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या सभागृहातल्या रिंगमध्ये जगज्जेता डॅनो ओमहोनी उतरला. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातलं पोर, वय तेवीस, आयरिश सैन्यातून थेट अमेरिकेत आणलेलं. समोर डिक शिकाट, चाळिशीला टेकलेला जर्मन मल्ल. निकाल ठरलेला होता : शिकाटनं थोडी झुंज द्यायची आणि पडायचं.

शिकाट पडला नाही. त्यानं ओमहोनीचा हात पाठीमागे पिरगाळला आणि सोडलाच नाही. ओमहोनी ओरडू लागला. पंच होते जॉर्ज बॉथनर, स्वतः जुने नावाजलेले मल्ल. खोटं विव्हळणं आणि खरं विव्हळणं यातला फरक त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. एकोणिसाव्या मिनिटाच्या आसपास कुस्ती संपली आणि शिकाट जगज्जेता झाला.

आता गंमत अशी, की या निकालानं प्रेक्षकांपेक्षा कुस्ती भरवणाऱ्या मंडळींचंच धाबं दणाणलं. त्यांचा लाखमोलाचा माल भर बाजारात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चोरीला गेला होता. आणि चोरी कशी झाली, तर एका पैलवानानं खरी कुस्ती केली म्हणून.

हे उलटंपालटं प्रकरण समजून घ्यायला आपल्याकडे एक आयता शब्द आहे : नुरा, म्हणजे निकाल आधीच ठरवून केलेली कुस्ती. जत्रेच्या फडात दोन पैलवान नुसतीच खडाखडी करू लागले, की मागून एखादा म्हातारा ओरडतोच, ‘नुरा हाय, सोडवा!’ हल्ली हा शब्द आखाड्यापेक्षा राजकारणाच्या बातम्यांत जास्त दिसतो, ते असो. आपल्या फडात नुरा म्हणजे बेइमानी. कुस्ती मुळात निकाली असते आणि नुरा हा तिला लागलेला डाग. 1930च्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये मात्र नुरा हाच रीतसर धंदा होता, आणि बेइमान कोण, तर जो निकाली लढेल तो. तिथल्या पैलवानांच्या बोलीत ठरवून केलेल्या कुस्तीला ‘वर्क’ म्हणत आणि खऱ्या कुस्तीला ‘शूट’. ठरलेलं मोडून ऐनवेळी शूट केली, तर तो ‘डबल क्रॉस’, म्हणजे दगा.

ही बोली आली जत्रांमधून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत गावोगाव फिरणाऱ्या मेळ्यांमध्ये एक तंबू कुस्तीचा असे. मेळ्याचा पैलवान आव्हान द्यायचा : माझ्यासमोर इतकी मिनिटं टिकून दाखवा, इतके पैसे घ्या. गर्दीतून पुढे येणारा कधी खरोखरचा तगडा शेतकरी असे, कधी मेळ्याचाच माणूस. त्यामुळे मेळ्याच्या पैलवानाला दोन्ही विद्या लागत. आपल्या माणसाबरोबर नाटक करता आलं पाहिजे, आणि कुणी खराच राक्षस समोर आला तर त्याचा हात-पाय अशा कोनात अडकवता आला पाहिजे की तो दोन मिनिटांत हात टेकेल. अशा हाडं मोडणाऱ्या पेचांच्या वस्तादाला ‘हुकर’ म्हणत. इंग्रजीत या शब्दाचा दुसरा अर्थ काय होतो ते इथे विसरा. पैलवानांत ही सर्वांत मानाची पदवी होती.

मग सगळ्याच कुस्त्या खऱ्या का लढल्या नाहीत? कारण दोन खरे उस्ताद तुल्यबळ असले की बघायला काहीच उरत नाही. 4 जुलै 1916 रोजी ओमाहा शहरात जो स्टेचर आणि एड लुइस एकमेकांना भिडले आणि जवळपास पाच तास भिडूनच राहिले. उन्हात बसलेल्या लोकांनी पाहिलं काय, तर दोन माणसं एकमेकांच्या मानेला रेलून उभी आहेत. शेवटी बरोबरी. यानंतर पुन्हा तिकीट कोण काढणार?

याच एड लुइसनं, म्हणजे ‘स्ट्रँगलर’ लुइसनं, 1920च्या दशकात दोन साथीदारांबरोबर मोट बांधली : व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट नावाचा धिप्पाड, डोकेबाज पैलवान. डोकं बहुतेक माँटचं. त्यानं मुष्टियुद्धातले ठोसे, ग्रीको-रोमन कुस्तीतल्या फेका आणि लाकूडतोड्यांच्या वस्तीवरची मारामारी एकत्र कालवली. वेळेची मर्यादा घातली. कुस्ती उभ्यानं, वेगानं, उड्या मारत व्हायला लागली. कोण जिंकणार एवढंच नव्हे, तर कसं जिंकणार, हरणाऱ्याचं पुढच्या महिन्यात काय होणार, हेही आधी ठरू लागलं. शिवाय सुट्यासुट्या कुस्त्यांऐवजी पैलवानांची फौजच पगारावर बाळगून ती शहराशहरांत फिरवायची. आज टीव्हीवर आपण जे डब्ल्यूडब्ल्यूई बघतो त्याचा साचा इथला, आणि हा दुवा निव्वळ साम्याचा नाही. हाच माँट पुढे व्हिन्सेंट मॅकमॅहनचा भागीदार झाला आणि त्यांच्या कंपनीतूनच आजची कंपनी वाढली.

पण या साच्यात एक भेग होती. निकाल ठरलेला असला, तरी जगज्जेतेपदाचा पट्टा मात्र ज्याचे खांदे टेकले नाहीत त्याच्याकडे जाणार. प्रेक्षकांना वाटतंय की हे खरं आहे, मग ठरल्याविरुद्ध निकाल लागला तर तक्रार कुठे करणार? ‘आमची नुरा ठरली होती, यानं फसवलं’ असं पोलिसांत जाऊन सांगता येत नाही. म्हणजे साऱ्या धंद्याचा खजिना एका माणसाच्या दोन खांद्यांवर, आणि कुलूप म्हणून नुसता शब्द.

ही भेग 1925 मध्ये पहिल्यांदा नीट दिसली. लुइसच्या मंडळींनी वेन मन नावाच्या नेब्रास्काच्या (अमेरिकन) फुटबॉल खेळाडूला जगज्जेता करायचं ठरवलं. प्रचंड देह, पेपरात नाव, कुस्तीचं ज्ञान यथातथा. जानेवारीत कॅन्सस सिटीत लुइसनं त्याच्यासमोर पडून दाखवलं. एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात मनसमोर पडायचं काम आलं पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोकडे. पंचेचाळिशीच्या आसपासचा, टकला, पिंपासारखा माणूस. हा काय करणार, असं सगळ्यांना वाटलं. पण झिबिस्को आतून विरोधी गोटाला मिळाला होता. घंटा झाली आणि त्यानं त्या बिचाऱ्या फुटबॉलवाल्याला उचलून उचलून आपटलं. पंचांनाही काही करता येईना, इतका निकाल उघड होता. दीड महिन्यात झिबिस्कोनं तो पट्टा ठरल्याप्रमाणे जो स्टेचरच्या हवाली केला.

झिबिस्कोचं नाव आपल्या जुन्या कुस्तीशौकिनांना अनोळखी नाही. 1910 मध्ये लंडनला गामा पैलवानाशी त्याची अडीच तासांहून जास्त चाललेली, न सुटलेली कुस्ती झाली, ती ह्याचीच. आणि जानेवारी 1928 मध्ये पतियाळ्याला महाराजांच्या मैदानात गामानं ज्याला एका मिनिटाच्या आत चीत केलं, तोही हाच. फिलाडेल्फियात अमेरिकेच्या जगज्जेत्याला खेळण्यासारखा फेकणारा माणूस तीन वर्षांनी गामासमोर मिनिटभरही टिकला नाही. ‘जगज्जेता’ या शब्दाला त्या काळी अमेरिकेत काय किंमत होती, याचा अंदाज यावरून बांधायला हरकत नाही.

मनच्या फजितीतून कुस्त्या भरवणारे ठेकेदार एक धडा शिकले. देखणा, गर्दी खेचणारा जगज्जेता हवाच, पण त्याच्या आजूबाजूला खरी कुस्ती जाणणारा पहारेकरी ठेवायचा. त्याला ‘पोलीसमन’ म्हणत. कुणी नवखा किंवा संशयास्पद पैलवान जगज्जेत्याशी लढायला मागू लागला, की त्याला आधी पोलीसमनशी लढवायचं. तिथेच त्याचा हात असा काही दुखावला जाई, की पुढची गोष्टच निघत नसे. शिवाय जगज्जेत्याकडून मोठी अनामत रक्कम ठेवून घ्यायची, म्हणजे वेळ आल्यावर तो मुकाट्यानं पट्टा सोडेल. आणि पंच आपलाच. म्हणजे खोट्या कुस्तीच्या दारावर राखण कोण करतंय, तर खरी कुस्ती. हे समजलं की पुढचं सगळं प्रकरण उलगडतं.

आता न्यूयॉर्क. ऑक्टोबर 1929 मध्ये शेअर बाजार कोसळला. वर्षभरात कोपऱ्याकोपऱ्यावर सफरचंदं विकणारे बेकार उभे राहिले, पुढे सेंट्रल पार्कात झोपड्याही उभ्या राहिल्या. आणि याच काळात, 26 जानेवारी 1931 रोजी, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जिम लोंडोस आणि जिम मॅकमिलन यांची कुस्ती बघायला सुमारे 22 हजार माणसं आली. गल्ला जवळजवळ 60 हजार डॉलर. डोईवार हिशेब केला तर पावणेतीन डॉलरच्या आसपास पडतात. सिनेमाचं तिकीट तेव्हा पाव डॉलरला मिळत होतं.

‘मंदीत लोक दुःख विसरायला कुस्तीला जात’ असं सोपं उत्तर देण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. दुःख तर 1933 मध्येही होतं, उलट जास्तच होतं, तेव्हा देशात चारातला एक कामकरी बेकार होता. पण त्या जूनमध्ये यँकी स्टेडियमवर जगज्जेतेपदाची कुस्ती भरवली, तर सहा हजारांच्या आसपास माणसं आली. म्हणजे नुसती मंदी गर्दी आणत नव्हती. गर्दीची कारणं जरा जास्त जमिनीवरची होती.

एक म्हणजे मुष्टियुद्धाचा बाजार बसला होता. ज्यानं हे गार्डन उभारलं तो टेक्स रिकार्ड जानेवारी 1929 मध्ये वारला, त्याच्या आधीच जीन टनी जगज्जेता असताना निवृत्त झाला. पुढचा जगज्जेता मॅक्स श्मेलिंग 1930 मध्ये झाला तो कमरेखाली ठोसा बसल्यामुळे, जमिनीवर पडलेल्या अवस्थेत. एवढी मोठी सभागृहं आणि त्यांत दाखवायला माल नाही. कुस्तीवाल्यांना जागा मोकळी मिळाली.

दुसरं, कॉलेजातले फुटबॉल खेळाडू. व्यावसायिक फुटबॉलमध्ये तेव्हा फारसा पैसा नव्हता. गस सॉननबर्ग डोकं पुढे करून समोरच्याच्या पोटावर झेपावायचा, जो सॅवोल्डी हवेत उडी मारून दोन्ही पायांनी लाथ घालायचा. पेपरवाल्यांना ओळखीची नावं मिळाली आणि प्रेक्षकांना कुस्तीतलं काहीही न कळता बघण्यासारखं काहीतरी मिळालं.

आणि तिसरं, मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते, न्यूयॉर्क शहर स्वतः. हे परदेशातून आलेल्यांचं शहर. ग्रीक, ज्यू, इटालियन, आयरिश, पोलिश, जर्मन, प्रत्येकाची वस्ती वेगळी, पेपर वेगळा, प्रार्थनास्थळ वेगळं. इथला मुख्य ठेकेदार जॅक कर्ली हे अचूक ओळखून होता. हा जुना मुरब्बी गडी. 1915 मध्ये हवानाला जॅक जॉन्सन आणि जेस विलार्ड यांची जगप्रसिद्ध लढत भरवणाऱ्यांतला. प्रत्येक वस्तीला तिचा पैलवान द्यायचा, हे त्याचं गणित. ज्यूंसाठी सॅमी स्टाइन आणि एब कोलमन. कोलमन उंचीला जेमतेम सव्वापाच फूट, रुंदीला कपाटासारखा, आणि उडी मारून लाथ घालण्यात पटाईत. जर्मनांसाठी शिकाट. सायबेरियाचा म्हणून दाढीवाला रशियन कोसॅक. गार्डनमधला मोठा खेळ महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. बाकीचे दिवस हीच मंडळी ब्रुकलिनच्या रिजवुड ग्रोव्हमध्ये, सेंट निकोलस अरीनात, लष्करी कवायतीच्या दालनांत, उन्हाळ्यात कोनी आयलंडच्या मैदानात. आज इथे एकमेकांचे केस उपटणारे दोघे उद्या पुढच्या वस्तीत तेच डाव त्याच क्रमानं करत. तमाशाचा फड गावोगाव एकच वग करतो तसं.

यातला सम्राट म्हणजे जिम लोंडोस. मूळ नाव ख्रिस्तोस थिओफिलू, ग्रीसमधल्या आर्गोसचा. पोरवयात घर सोडून अमेरिकेत आला, पडेल ते काम केलं, रंगमंचावर कसरतपटूंना झेलायचा. सुरुवातीला तर ‘गिलावा करणारा पैलवान’ म्हणून गवंड्याच्या कपड्यांत रिंगमध्ये यायचा. उंची पाच फूट आठ इंच, वजन दोनशे पौंड, अंग संगमरवरी पुतळ्यासारखं. 6 जून 1930 रोजी फिलाडेल्फियात त्यानं डिक शिकाटलाच हरवून पट्टा घेतला. हे नाव लक्षात असू द्या. लोंडोसच्या मंडळींची युक्ती अशी, की त्याच्यासमोर जमेल तितका आडदांड आणि कुरूप गडी उभा करायचा. अर्धा तास त्यानं लोंडोसला चेचायचं, बायाबापड्यांनी किंचाळायचं, आणि मग लोंडोसनं त्या धुडाला खांद्यांवर आडवं घेऊन गरगरा फिरवून आपटायचं. एका हॉटेलात बश्या उचलणाऱ्या ग्रीक पोराला ते बघून काय वाटत असेल, याला पावणेतीन डॉलर फार नव्हेत.

या सगळ्यात सरकार कुठे होतं? इथे तर मला हसू आवरत नाही. न्यूयॉर्क राज्यात मुष्टियुद्ध आणि कुस्तीवर देखरेख ठेवायला एक सरकारी ॲथलेटिक कमिशन होतं. त्यानं 1930 मध्ये फर्मान काढलं, की कुस्तीच्या जाहिरातीत ‘सामना’ म्हणायचं नाही, ‘प्रदर्शन’ म्हणायचं. म्हणजे सरकारदरबारी मान्य झालं की हे नाटक आहे. पण तेच कमिशन जगज्जेता कोण हेही ठरवायचं! लोंडोसचं 1932 मध्ये कर्लीशी बिनसलं आणि तो न्यूयॉर्कबाहेर पडला. कर्लीनं म्हातारा स्ट्रँगलर लुइस पुढे केला. लोंडोस लुइसशी लढायला तयार होईना, कारण ठरलेली कुस्ती वेगळी आणि लुइसच्या हातात मान देणं वेगळं. तेव्हा कमिशननं काय करावं? आव्हान टाळलं म्हणून लोंडोसची मान्यता काढून घेतली आणि लुइसला जगज्जेता ठरवलं. ज्याला स्वतः प्रदर्शन म्हणतोय त्यात एखादा लढायला घाबरला म्हणून शिक्षा. नाटकातल्या राजानं लढाई टाळली म्हणून त्याची गादी जप्त करण्यातला प्रकार.

लोंडोस बाहेर पडल्यावर दोन्ही गोटांत दगाबाजीला ऊत आला. एप्रिल 1933 मध्ये शिकागोत सॅवोल्डीशी लढताना लोंडोसनं पेच टाकलेला असताना पंचांनी लोंडोसचेच खांदे टेकल्याचा इशारा केला आणि तो हरला. दगा देण्याची ही दुसरी तऱ्हा : पैलवान नाही फोडता आला तर पंच फोडायचा. आता देशात इतके जगज्जेते झाले की कुणाचाच भाव राहिना. यँकी स्टेडियमवरची ती सहा हजारांची फजिती याच वर्षातली.

तेव्हा ठेकेदारांनी शहाणपणाचं पाऊल उचललं. नोव्हेंबर 1933 मध्ये न्यूयॉर्कचा कर्ली, बोस्टनचा पॉल बाउझर, सेंट लुईचा टॉम पॅक्स, फिलाडेल्फियाचा रे फॅबियानी, लोंडोसचा व्यवस्थापक एड व्हाइट आणि आपला टूट्स माँट यांनी तह केला. पैलवान सगळ्यांचे, नफा वाटून घ्यायचा, जगज्जेता एकच. पेपरवाले याला ‘ट्रस्ट’ म्हणू लागले. फॅबियानी मूळचा व्हायोलिनवादक होता, हे जाता जाता सांगतो. तहाचं फळ लगेच दिसलं. जून 1934 मध्ये क्वीन्सच्या उघड्या मैदानात लोंडोसनं जिम ब्राउनिंगला हरवून न्यूयॉर्कचा पट्टा परत घेतला. आणि 20 सप्टेंबर 1934 रोजी शिकागोच्या रिग्ली फील्डवर लोंडोस आणि लुइस अखेर भिडले. 35,265 प्रेक्षक, 96,302 डॉलरचा गल्ला. मंदी तीच, पैलवान तेच, फक्त भांडणारे ठेकेदार एका टेबलावर बसले होते.

पण तहात एकाला बाहेर ठेवलं होतं : जॅक फेफर. पोलंडहून रशियन ऑपेरा मंडळीबरोबर अमेरिकेत आलेला, बुटका, केस वाढवलेला, आणि डूख धरण्यात एक नंबर. युरोपातून पैलवान आणायचं काम तो कर्लीसाठी करायचा. वाट्यातून वगळल्यावर तो गेला ‘डेली मिरर’च्या डॅन पार्करकडे. पार्कर क्रीडासंपादक, आणि त्याची लेखणी तिखट. फेफरनं त्याला सगळी भांडी उघडी करून दाखवली : कोण कुणापुढे पडतो, कुणाला किती मिळतात, ठरतं कुठे. पार्करनं ते छापलं. नंतर नंतर तर तो कुस्तीचे निकाल कुस्तीच्या आधीच छापू लागला, आणि ते खरे निघत.

याचा परिणाम हळूहळू झाला. लोकांना आधी संशय नव्हता असं नाही. पण संशय असणं वेगळं आणि सकाळच्या पेपरात रात्रीचा निकाल वाचून मग तिकीट काढणं वेगळं. 1935च्या जूनमध्ये ट्रस्टनं लोंडोसकडून पट्टा काढून बोस्टनमध्ये ओमहोनीला दिला. बोस्टन आयरिशांचं शहर, हिशेब सरळ होता. ओमहोनी हातोडाफेकीतला चांगला खेळाडू, स्वभावानं गोड, पण कुस्तीत कच्चा. म्हणजे पुन्हा वेन मनच. दहा वर्षांपूर्वीचा धडा ही मंडळी विसरली होती का? मला वाटतं, विसरली नव्हती. सगळे ठेकेदार आता एका बाजूला असताना दगा देऊन पैलवान जाणार कुठे, असा त्यांचा होरा होता.

शिकाटकडे याचं उत्तर होतं. तो खरा कुस्तीगीर होता, आणि वर्षानुवर्षं ट्रस्टच्या सांगण्यावरून पडून पडून विटला होता. ट्रस्टबाहेरचे काही ठेकेदारही तयारच होते. 2 मार्चला त्यानं हात पिरगाळला तो असा.

पुढचा तमाशा रिंगपेक्षा भारी झाला. ट्रस्टला पट्टा परत हवा होता, पण कोणत्या तोंडानं मागायचा? मग युक्ती निघाली कागदाची. शिकाट आपल्या कराराला बांधलेला आहे, आपण सांगू तिथेच त्यानं लढलं पाहिजे, असा दावा घेऊन एक व्यवस्थापक ओहायो राज्यातल्या कोलंबसच्या न्यायालयात गेला. एप्रिल 1936 मध्ये सुनावणी चालू झाली आणि जे कुणीच चारचौघांत बोलत नसे ते शपथेवर बोललं जाऊ लागलं. नफ्याची वाटणी, ठेकेदारांचा आपसातला करार, पट्टा कुणाकडून कुणाकडे जाणार याची बोलणी. पार्करनं छापलं तेव्हा ‘पेपरवाले काय, काहीही लिहितात’ म्हणता येत होतं. आता देशभरचे वार्ताहर न्यायालयातून लिहीत होते.

निकाल मात्र न्यायाधीशांना द्यावाच लागला नाही. 24 एप्रिलला डेट्रॉइटमध्ये शिकाट ‘अली बाबा’ नावाच्या पैलवानाकडून हरला. अली बाबा म्हणजे तुर्की टोपीखालचा एक आर्मेनियन. शिकाटकडे पट्टाच उरला नाही, तेव्हा त्याच्यावरच्या दाव्यात कुणाला रस उरेल? जगज्जेतेपदाची कायदेशीर मालकी कुणाची, हा प्रश्न एका कुस्तीनं सोडवला, आणि ती कुस्ती खरी नव्हती, यावर मी तरी पैज लावीन.

त्यानंतर पट्ट्याचे तुकडे झाले. अली बाबा दीड महिना टिकला, मग क्वीन्समधला एक माजी खाटीक डेव्ह लेव्हिन, मग डीन डेटन. बोस्टनचा जगज्जेता वेगळा, अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातला वेगळा. जॅक कर्ली जुलै 1937 मध्ये वारला. 30 मार्च 1938 नंतर मॅडिसन स्क्वेअर गार्डननं कुस्तीला दारच बंद केलं, ते अकरा वर्षांनी, फेब्रुवारी 1949 मध्ये उघडलं. तेव्हा टीव्हीवरून नावारूपाला आलेला, सोनेरी कुरळ्या केसांचा ‘गॉर्जस जॉर्ज’ आणला होता. प्रेक्षक आले चार हजारांच्या आसपास.

पैलवानांचं काय झालं, हे कुणी विचारत नाही म्हणून सांगतो. निकाल खोटे असले तरी मॅट खरं होतं आणि घाणेरडं होतं. त्यावरून पसरणाऱ्या ट्रॅकोमा नावाच्या डोळ्यांच्या रोगानं त्या पिढीतल्या कित्येकांची नजर घेतली. स्ट्रँगलर लुइस म्हातारपणी जवळजवळ आंधळा झाला होता. मोडलेले कान तर सगळ्यांचेच. लोंडोसनं मात्र पैसा राखला आणि कॅलिफोर्नियात बागायतदार म्हणून सुखात राहिला.

ओमहोनी 1950 मध्ये आयर्लंडमध्येच मोटार अपघातात गेला, अडतिसाव्या वर्षीच. त्याच्या बॅलिडेहॉब गावात आज त्याचा पुतळा आहे. हात पिरगाळला गेला त्या रात्रीचा नव्हे, जगज्जेत्याचा.